एवढ्या मिठात तरी

ते पाणी चाखायचे आणि चाखून झालं की त्यात किती पाहुणे आहेत ते सांगायचे. "लिही बेटा, दोन पाहुणे. केळी सोसून घेईल." पाहुणे म्हणजे मीठ. मीठ हा शब्द त्यांनी दुकानात कधी तोंडातून काढला नाही, शेतकऱ्यासमोर तर नाहीच. पाहुणे नाहीत म्हणजे पाणी गोड. एक-दोन म्हणजे चालेल. चार म्हणजे केळीचा नाद सोडा, कपाशी लावा. आणि 'घरभर पाहुणे' म्हणजे बोअर विसरा आणि गुपचूप घरी जा. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेली. पहिल्या दिवशी हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, आपण पत्ता चुकलो.

पत्ता बरोबर होता. बऱ्हाणपुरात ठिबकच्या नळ्या विकणारं ते दुकान, आणि दुकानाच्या मागे एक खोली. गिऱ्हाइकांची माती आणि पाणी तिथं तपासून मिळायचं. खोलीत काचेची भांडी होती, पाण्यातला क्षार मोजणारं एक यंत्र होतं आणि एका लाकडी स्टुलावर काका होते. यंत्र माझ्या ताब्यात, जीभ त्यांच्या. शेतकरी यंत्राकडे आदराने बघायचे, मी आकडा सांगितला की मान डोलवायचे, आणि मग हळूच विचारायचे, "ते ठीक आहे मॅडम, पण काका काय म्हणी राहिले?" पहिले सहा महिने या प्रश्नाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमच्याकडे सगळा खेळ केळीचा. केळीला मीठ सोसत नाही. पाणी खारं लागलं की पानांच्या कडा करपतात, घड बोटभर राहतो, आणि एकदा बाग लावली की वर्ष त्यात अडकलं. म्हणून बोअर लागला की माणूस आधी घरच्यांना फोन करतो आणि दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन आमच्याकडे येतो. बाटल्याही एकेक. कोणी औषधाची आणायचा, कोणी तेलाची, आणि बरेच जण सरळ पव्वा घेऊन यायचे. एकदा एकाच्या पव्व्यातला घोट काकांनी तोंडात घेतला, डोळे मिटले, थुंकला आणि म्हणाले, "भाऊ, पाहुणे किती ते नाही सांगता येत. पण तुह्या घरी काल पार्टी होती." तो माणूस बाटली धुऊन परत आला तेव्हा वेशीपर्यंत बातमी गेली होती.

जिभेची त्यांनी जी बडदास्त ठेवली होती ती एखाद्या सुनेच्या वाट्यालाही येत नसेल. सकाळी तांब्याच्या पट्टीने ती घासायची. दुपारी बारापर्यंत चहा नाही. तंबाखू, सुपारी, मिरची आयुष्यात नाही. डब्यात बिनमिठाची भाकरी आणि दूध. लग्नाच्या पंगतीत ते नुसता पांढरा भात घेऊन बसायचे, आणि वाढणारा आग्रह करायला लागला की तोंडाकडे बोट दाखवायचे, जणू दात काढून आले आहेत. रविवारी मात्र सुट्टी. रविवारी ते लोधीपुऱ्यातल्या घरून पायी निघून हलवायाकडे जायचे आणि एका जागी बसून मावा जलेबी खायचे, तीही अशी शांतपणे, की बघणाऱ्याला वाटावं काहीतरी धार्मिक चाललं आहे.

मी त्यांची परीक्षा घेतली होती. ती घेणं मला भागच होतं, नाहीतर माझ्या पदवीला अर्थ काय. महिनाभर मी आधी यंत्रावर आकडा काढायचे, तो कागदावर लिहून पालथा ठेवायचे आणि मग त्यांना पाणी द्यायचे. महिन्याच्या शेवटी माझ्याकडे एक तक्ता तयार झाला. एक पाहुणा म्हणजे इतका क्षार, दोन म्हणजे इतका. दशांशापर्यंत जुळत होतं. एकदाच जुळलं नाही. यंत्र म्हणालं खारं, काका म्हणाले एकही पाहुणा नाही. मी त्यांच्याशी तावातावाने भांडले. ते ऐकून घेत बसले आणि शेवटी यंत्राच्या कांडीकडे बोट करून म्हणाले, "तिले अंघोळ घाल." आदल्या नमुन्याचं पाणी मी धुतलंच नव्हतं. कांडी धुतली, आकडा उतरला. काका जिंकल्यासारखं हसतील म्हणून मी वाट बघत होते, पण ते पुढची बाटली उघडण्यात गुंतले होते. तेव्हापासून मी तक्ता भिंतीवर लावला आणि भांडणं बंद केली.

"पाणी बोलते," ते म्हणायचे. "आपण फक्त मधी बोलायचं नाही." माझ्या बडबडीवर हा शेरा असावा, असा मला कायम संशय होता.

मग कोरोना आला. काकांनाही ताप आला, पंधरा दिवस घरी राहिले, आणि सगळ्यांच्या आधी बरे होऊन स्टुलावर येऊन बसले. थोडे वाळले होते. बाकी तसेच. फक्त आता सकाळी दहाला चहा पिऊ लागले. मग डब्यात भाजी दिसली. मग एके दिवशी त्यांनी माझ्या डब्यातला ठेचा मागून घेतला. मला काय आनंद झाला. मी म्हटलं, "काका, व्रत सोडलं वाटतं?" ते म्हणाले, "आता म्हातारपणी किती जपायचं बेटा." मी आईला सांगून त्यांच्यासाठी मुद्दाम हिरव्या मिरचीचा जहाल ठेचा करून आणला, आणि ते घास घास खात असताना त्यांच्याकडे कौतुकाने बघत बसले. डोळ्यांत पाणी नाही, नाकात पाणी नाही. वाटलं, काय माणूस आहे. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. रसायनशास्त्र शिकलेल्या बाईला एवढं कळू नये?

त्यानंतर दीड-एक वर्षाने यंत्र बिघडलं. शेठनी ते इंदूरला दुरुस्तीला पाठवलं आणि ते तिथेच राहिलं. मी विचारलं की शेठ म्हणायचे, "आ जाएगा, आ जाएगा." बाटल्या तर रोज येत होत्या. मग मी काय केलं, तर काकांना चाखायला द्यायचे, ते पाहुणे सांगायचे, मी भिंतीवरच्या तक्त्यात बघून आकडा काढायचे, टाइप करायचे आणि खाली सही करायचे. मला यात काही गैर वाटलं नाही. तक्ता मीच केला होता, तपासून केला होता. आणि आकड्यात दशांश असला की कागदाला कसा भारदस्तपणा येतो. सहा महिने मी असे कागद दिले.

त्या हिवाळ्यात नळ्या बनवणाऱ्या कंपनीने दुकानदारांसाठी कच्छची सहल काढली. भुजपर्यंत रेल्वे आणि बस, आणि एक दिवस गाईडबरोबर पांढऱ्या वाळवंटात, म्हणजे मिठाच्या मैदानात. शेठनी आम्हा नोकरांना आणि काही जुन्या गिऱ्हाइकांना बरोबर घेतलं. काका आयुष्यात खंडव्याच्या पुढे गेले नव्हते. लग्नाला बोलावलं तरी नेपानगरला जायचं म्हणजे ते काहीतरी निमित्त काढायचे. ते म्हणाले, "मले बी यायचं आहे." शेठनी दोनदा विचारलं. मी तर चारदा विचारलं. त्यांनी कारण सांगितलं नाही. रेल्वेत मात्र ते माझ्याजवळ येऊन बसायचे आणि तेच तेच विचारायचे. "तठी मीठ जमिनीतच असते ना? वरून आणून टाकेल नाही ना?" मी म्हटलं, "काका, एवढं कोण आणून टाकणार?" "पुडीतलं नाही ना मतलब." मी नाही म्हटलं. बराच वेळाने माझ्या लक्षात आलं की काका सरळ 'मीठ' म्हणत आहेत. मला ते जरा चमत्कारिक वाटलं. पण प्रवासात माणसं थोडी बदलतात, म्हणून मी सोडून दिलं.

आमच्याबरोबर फोपनारचे सुपडूभाऊ होते. जुने गिऱ्हाईक, हसतमुख माणूस, केळीचेच शेतकरी. त्यांनी सामानात काय आणलं होतं, तर पाण्याची बाटली. पिण्याची नव्हे. त्यांच्या नव्या बोअरचं पाणी, टॉवेलमध्ये गुंडाळून. "दुकानात तुमच्याकडे गर्दी राहते," ते मला म्हणाले. "अठी काका फुरसतीत." आम्ही वाळवंटात जाणार त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांची तीन एकरांची रोपं नर्सरीतून निघणार होती. म्हणजे वाळवंटातल्या दिवशीच संध्याकाळपर्यंत भावाला फोन करून हो किंवा नाही सांगायचं होतं. नाही सांगितलं तर गाडी दुसऱ्याच्या शेतात जाणार. मिठाच्या वाळवंटात पाण्याची गोडी तपासायला बाटली घेऊन येणारी माणसं जगात फक्त आमच्याकडेच निघतील. त्या वेळी यात आमच्यापैकी कोणालाच काही वावगं दिसलं नाही.

सकाळी बसमधून उतरलो. समोर सगळं पांढरं. मी चित्रं पाहिली होती, तरी मला काही समजेना. लांब काय, जवळ काय, काहीच कळत नव्हतं. एक माणूस उभा दिसला, जवळ गेल्यावर ती झेंडी निघाली. आमचा गाईड पन्नाशीचा, छत्री घेतलेला आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला. "झंडी के आगे कोई नहीं जाएगा. ऊपर नमक है, नीचे कीचड़," त्याने तीनदा बजावलं. आमची शेतकरी मंडळी भलत्याच चर्चेत होती. एकजण म्हणाला, जमीन किती सपाट आहे, सपाटीकरणाचा खर्च नाही. दुसरा विचारत होता, बांधच नाही तर कोणाचं कोणतं ते कसं कळतं. शेठ कपाळावर हात धरून दूरवर बघत होते. मला खात्री आहे, इथं ठिबक टाकायचं तर किती नळी लागेल याचा ते हिशेब करत असणार.

तिथेच, मैदानाच्या काठाशी, सुपडूभाऊंनी बाटली काढली. सगळे गोल करून उभे राहिले. गाईडही छत्री मिटून बघायला आला. काकांनी बाटली उजेडात धरली, गळ्याशी बोट फिरवलं, सुपडूभाऊंना बोअर किती खोल लागला ते विचारलं, शेजाऱ्याच्या विहिरीचं विचारलं. मग घोट घेतला, डोळे मिटले आणि थुंकला.

"पाहुणे नाहीत," ते म्हणाले. "लाव."

सुपडूभाऊंनी त्यांच्या पायाला हात लावला आणि फोन काढला. तिथं नेटवर्क नव्हतं. "वापसी में रास्ते पे लगेगा," गाईड म्हणाला. सुपडूभाऊंनी फोन खिशात ठेवला आणि आम्ही चालायला लागलो.

पायाखाली मीठ कुरकुरत होतं. अर्धा-पाऊण तास चालल्यावर गाईडने शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं, खाली वाकून खपली उचलली आणि म्हणाला, "चख के देखिए. घर जाके बोलना, समुंदर का नमक खाया." सगळ्यांनी चिमूट चिमूट तोंडात टाकली आणि एकजात तोंडं वेडीवाकडी केली. कोणी थू थू करत होतं, शेठ पाणी मागत होते. माझी जीभ चरचरली. मी काकांकडे बघितलं, कारण या क्षणी ते काय म्हणतात याची मला उत्सुकता होती. इतका मोठा पाहुण्यांचा गाव त्यांना पुन्हा कुठे भेटणार.

काकांनी चिमूट तोंडात टाकली. काही झालं नाही. मग त्यांनी वाकून सुपारीएवढा खडा उचलला आणि तो चावला. मला कुडकुड ऐकू आली. चेहरा तसाच. त्यांनी अजून एक उचलला. मग ते आमच्याकडे पाठ करून सरळ चालायला लागले, झेंडीच्या दिशेने. गाईडने शिट्टी वाजवली. ते थांबेनात. मी त्यांच्यामागे पळाले.

झेंडीपाशी ते थांबले. त्यांच्या ओठांना पांढरं लागलं होतं.

"बेटा," ते म्हणाले, "किती पाहुणे आहेत?"

मी हसले. "काका, इथं काय मोजायचं?"

"नाही, सांग मले. खूप खारट आहे का?"

"तुम्हीच तर खाल्लं आत्ता."

"मले कळत नाही," ते म्हणाले. "ताप आला होता ना, तव्हापासून नाही कळत. घरचं मीठ खाऊन पाहिलं, मिरची खाऊन पाहिली, तुहा ठेचा खाऊन पाहिला. वाटलं पुडीतल्या मिठात दम नाही राहत. जमिनीतलं असंल, एवढं असंल, तर एवढ्या मिठात तरी कळंल."

मला ते काय बोलत आहेत ते लगेच समजलं नाही. म्हणजे शब्द समजले, पण ते एकमेकांना जोडून घ्यायला मन तयार होईना. आणि समजलं तेव्हाही मला त्यांची दया आली नाही, हे मी सांगून टाकते. आधी मला माझ्या सह्या आठवल्या. सहा महिन्यांचे कागद, त्यावरचे दशांश.

"मग दोन वर्षं तुम्ही सांगत काय होता?" मी ओरडलेच.

"माणूस पाहून," ते म्हणाले. "बाटलीच्या गळ्याशी पांढरं जमलं आहे का, गाव कोणतं, बोअर किती खोल, शेजाऱ्याची बाग कशी. चाळीस वर्षं झाली बेटा, पाणी कुठी कसं आहे ते माहीत राहते. बरोबरच निघालं ना आतापर्यंत?"

तेही खरं होतं. दोन वर्षांत तक्रार घेऊन कोणी आलं नव्हतं. म्हणजे जीभ नसताना काका बरोबर सांगत होते. मग जीभ असताना तरी ते जिभेने सांगत होते का? आणि माझा तक्ता दशांशापर्यंत जुळला तो कशाशी? मी तिथं उन्हात उभी राहून हा विचार करत होते आणि मला काही केल्या त्याचा शेंडा-बुडखा सापडत नव्हता. आजही सापडलेला नाही.

"आणि सुपडूभाऊंचं?" मी विचारलं.

"फोपनारचं पाणी चांगलं राहते. बाटलीले पण पांढरं नव्हतं."

"काका, ती बाटली त्यांनी कालच स्टेशनवर विकत घेतली. घरून आणलेली गळायला लागली, म्हणून बोअरचं पाणी माझ्यासमोर हिच्यात ओतलं त्यांनी." काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी भीती पाहिली नव्हती, म्हणून ती भीती आहे हे मला ओळखायला वेळ लागला.

मी परत फिरले आणि सुपडूभाऊंकडे ती बाटली मागितली. तहान लागली आहे, घोटभर द्या, असं म्हटलं. निदान माझी जीभ तर शाबूत होती. घोट घेतला. पाणी गोड होतं, अगदी साखर टाकल्यासारखं. मला इतकं हायसं वाटलं की मी अजून एक घोट घेतला. गाईड बाजूला उभा होता. तो हसून म्हणाला, "मैडम, नमक खाने के बाद कोई भी पानी मीठा लगता है." मी बाटली परत दिली. म्हणजे पाणी गोड आहे की नाही हे त्या वेळी त्या मैदानात आमच्यापैकी एकालाही सांगता येत नव्हतं.

दुपारी जेवण झालं, उंटगाडीत बसणं झालं, फोटो झाले. काका बसमध्ये जाऊन बसले होते. मी ठरवलं की फोन लागायच्या आत सुपडूभाऊंना बाजूला घेऊन सांगायचं, थांबा, परत तपासू. कसं सांगायचं ते मी मनात पाच वेळा बोलून बघितलं. दर वेळी त्यात माझी सही मधे यायची. एकाचं सांगितलं की बाकीच्यांचं विचारणार, बाकीच्यांचं सांगितलं की शेठ विचारणार. मी उद्यावर टाकलं नाही, पण थोड्या वेळावर टाकत राहिले.

ऊन कललं तशी बस निघाली. अंताक्षरी सुरू झाली, गाईडचा माईक हातोहात फिरत होता. रस्त्याला लागल्यावर सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. सुपडूभाऊंनी फोन काढला. तेवढ्यात काका उठले, दांड्याला धरत पुढे गेले आणि त्यांनी गाईडच्या हातातून माईक घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काका गाणार म्हणून.

"मले गाता येत नाही," काका म्हणाले. "एक सांगायचं होतं. माही जीभ दोन वर्षांपासून मरेल आहे. काहीच कळत नाही. ज्याले ज्याले मी तापानंतर पाणी सांगितलं, त्यानं ते दुसरीकडे तपासून घ्या. सुपडू, तुह्या पाण्याचं मले माहीत नाही. मी अंदाजानं बोललो."

मग शेठ मोठ्याने हसले. शेठ हसले म्हणून सगळे हसले. "काका, आप भी ना," शेठ म्हणाले, "नमक ज्यादा खा लिया आज." आणखी हशा. कोणीतरी ओरडलं, काकांना जलेबी द्या. काका माईक धरून उभेच होते. "मजाक नाही," ते म्हणाले. त्यावर सगळ्यात जास्त हसले.

सुपडूभाऊ माझ्या पुढच्याच सीटवर होते. हातात फोन, अंगठा बटणाजवळ. ते मागे वळले. "ताई," त्यांनी विचारलं, "तुम्ही लॅबवाल्या. काकांची जीभ बरोबर आहे ना?"

शेठ माझ्याकडे बघत होते. काकाही.

"हो," मी म्हटलं. "बरोबर आहे."

सुपडूभाऊ पुढे वळले आणि त्यांनी फोन लावला. गाडी येऊ दे, खड्डे तयार ठेव, एवढं मला ऐकू आलं. काकांनी दोन्ही हातांनी माईक गाईडला परत दिला, आपल्या जागेवर जाऊन बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्यावर ते रागावले नाहीत. बऱ्हाणपूरला उतरल्यावर माझी बॅग त्यांनीच खाली काढून दिली.

ते पुन्हा दुकानात आले नाहीत. त्यांनी काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. बसने, कधी पायी, ते गावोगाव गेले आणि तापानंतर ज्याला ज्याला पाणी सांगितलं होतं त्याच्या दारात उभं राहून, ते परत तपासून घे म्हणाले. बहुतेकांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि आलेच आहात तर एवढं एक पाणी बघा म्हणून तांब्या पुढे केला. ते उठून निघून यायचे. आता ते चांदनीला स्टेशनजवळ मुलीकडे असतात. गाडी अर्ध्या तासात जाते. मी गेलेले नाही. का गेले नाही, ते माझं मलाच नीट सांगता येत नाही. दर रविवारी वाटतं, आज जावं.

मे महिन्यात सुपडूभाऊ दुकानात आले. तोवर यंत्र दुरुस्त होऊन आलं होतं. त्यांनी टेबलावर केळीचं एक पान ठेवलं. कडा तपकिरी, विस्तवावर धरल्यासारख्या. शेजारी पाण्याची बाटली. मी कांडी धुतली, दोनदा धुतली, आणि बुडवली. जो आकडा आला तो मी त्यांना सांगितला. बाग जाणार होती. ते स्टुलावर बसले. काकांचंच स्टूल. सहलीहून परतल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी काका फोपनारला येऊन गेले होते, पण तोवर दोन एकर लावून झालं होतं, असं ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सहन होईना.

मी दार लोटून घेतलं आणि चार महिने जे तोंडात धरून होते ते सांगितलं. काका बसमध्ये खरं बोलत होते. मला ते त्याआधीच माहीत होतं. यंत्र बंद होतं, आकडे मी तक्त्यावरून टाकत होते. सगळे हसले, तुम्ही हसलात, म्हणून मीही तसंच बोलून गेले.

"मी नाही हसलो ताई," सुपडूभाऊ म्हणाले.

ते पानाची घडी करत होते. करपलेली कड तुटून टेबलावर पडत होती आणि ते ती बोटाने गोळा करत होते.

"काका बोलले तव्हाच मले पटलं होतं. असा माणूस आपली जीभ मेली म्हणून मजाकमध्ये नाही सांगत. गाडी नको येऊ देऊ, असं भावाले सांगायलेच मी फोन काढून बसलो होतो. मग म्हटलं, ताई शिकेल आहे, एकदा तिले विचारून घेऊ."